निकाल जाहीर व्हायच्या आधी तो थांबवता येतो का? (ग्रामपंचायत मोजणीचा अनुभव आणि एक प्रश्न)

रानवारा | सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. पाच वर्षं मनात साचलेलं आज लिहितोय. थोडं लांबेल.

जानेवारी २०२१ मध्ये राज्यात १४,२३४ ग्रामपंचायतींचा कार्यक्रम लागला होता, त्यात आमचं गावही होतं. माझ्या थोरल्या वहिनी वॉर्ड दोनमधून महिला राखीव जागेवर उभ्या होत्या. १५ तारखेला मतदान, १८ ला तालुक्याच्या ठिकाणी मोजणी. वहिनी दोन मतांनी गेल्या.

मोजणी प्रतिनिधी म्हणून आत पुतण्या होता. वय बावीस, पहिलीच वेळ. मोबाईल बाहेर ठेवून घेतलेला. आमच्या गावाचा पुकारा झाला आणि पंधरा-वीस मिनिटांत सगळं आटोपलं. फरक दोनच मतांचा आहे म्हटल्यावर पोरगं म्हणालं, "साहेब, परत मोजा." साहेब म्हणाले, "लेखी द्या." याच्याकडे पेन होतं, कागद नव्हता. शेजारच्या गावच्या प्रतिनिधीकडून वहीचं पान फाडून घेतलं, टेबलाच्या कडेला धरून "मा. निवडणूक निर्णय अधिकारी यांस" एवढं लिहून होतंय तोवर पत्रकावर सही झाली आणि पुढच्या गावाचा पुकारा झाला. ते पान वहिनींनी अजून जपून ठेवलंय. एवढी एकच ओळ आहे त्यावर.

संध्याकाळी दादा म्हणाला, उद्याच हायकोर्टात जाऊ, नावं राजपत्रात यायच्या आत अडवू. तालुक्याचे वकील म्हणाले, तिथे ऐकून घेणार नाहीत, पंधरा दिवसांत इथल्या दिवाणी कोर्टात अर्ज करा. घरात रब्बीची कामं, वर खर्चाची धास्ती. आज-उद्या करता पंधरा दिवस निघून गेले.

आता वहिनी पुन्हा उभ्या राहायचं म्हणतात. म्हणून विचारतो, निकाल जाहीर व्हायच्या आधी कोर्टात जायला खरंच वाव नाही का? नसेल तर मला तो अन्याय वाटतो. चुकलेला माणूस पाच वर्षं खुर्चीत बसणार आणि आम्ही तारखा घेणार.

---

घाटमाथा | सोमवार, रात्री १०.०५

दोन मतं! वाईट वाटलं वाचून. आमच्याकडे चुलते एका मताने पडले होते. ते एक मत कोणाचं यावरून भावकीत अजून बोलणं बंद आहे.

---

वकीलताई | सोमवार, रात्री ११.२०

रानवारा, तुमच्या तालुक्याच्या वकिलांनी सांगितलं ते बरोबर होतं.

राज्यघटनेत ७३ व्या दुरुस्तीने कलम २४३-ओ आलं. त्यानुसार पंचायतीच्या कोणत्याही निवडणुकीला आव्हान द्यायचं तर ते राज्याच्या कायद्याने नेमून दिलेल्या प्राधिकाऱ्यापुढे, निवडणूक याचिकेनेच. नगरपालिकांसाठी असंच कलम २४३-झेडजी आहे. आपल्या ग्रामपंचायत अधिनियमात कलम १५ आहे: निकाल जाहीर झाल्यापासून १५ दिवसांत दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर, यांच्याकडे अर्ज. उमेदवारही करू शकतो आणि साधा मतदारही. शिवाय कलम १५-अ म्हणतं, हा मार्ग सोडून दुसऱ्या कोणत्याही न्यायालयाने तो वाद ऐकायचा नाही.

याचं मूळ १९५२ मध्ये आहे. तेव्हाच्या मद्रास राज्यात नामक्कलच्या एन. पी. पोन्नुस्वामींचा विधानसभेचा अर्ज छाननीत बाद झाला. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की 'निवडणूक' म्हणजे फक्त मतदानाचा दिवस नव्हे. अधिसूचना निघाल्यापासून निकाल जाहीर होईपर्यंतची सगळी प्रक्रिया म्हणजे निवडणूक. मध्येच कुठे चूक झाली तर निवडणूक पुरी होऊ द्या आणि मग एकदाच याचिका करा. कारण उघड आहे. देशात हजारो जागा, प्रत्येक जागेवर नाराज माणसं. प्रत्येक टप्प्यावर कोर्टाने हात घातला तर सभागृहंच बसायची नाहीत.

आणि दादांचा राजपत्राचा मुद्दा. जाहीर झालेला निकाल आणि राजपत्र यांच्यामध्ये हायकोर्टासाठी वेगळं दार उघडत नाही. निकालानंतरही वाट कलम १५ चीच. उलट ग्रामपंचायतीत मुदत निकाल जाहीर झाल्यापासून धावते. राजपत्राची वाट बघणाऱ्याचे दिवस फुकट जातात.

---

शेवटचा_बाक | मंगळवार, सकाळी ७.५०

ताई, मग चंडीगडचं काय? ३० जानेवारी २०२४ ला महापौरपदाची निवडणूक झाली. पीठासीन अधिकाऱ्याने आठ मतपत्रिका बाद केल्या आणि २० मतं असलेली बाजू १२ वर आणून १६ वाल्याला विजयी केलं. सर्वोच्च न्यायालयाने मतपत्रिका मागवून घेतल्या, २० फेब्रुवारीला निकाल फिरवला आणि कुलदीपकुमार यांना महापौर घोषित केलं. तीन आठवड्यांत! तिथे कोणी म्हटलं नाही, जा बाबा याचिका कर.

मोठ्या शहरात कॅमेरा होता म्हणून न्याय धावत आला. आमच्या वॉर्ड दोनला पंधरा दिवसांची मुदत आणि तारखांचा फेरा. रानवारा यांचा राग मला शंभर टक्के पटतो.

---

वकीलताई | मंगळवार, सकाळी ९.१५

राग मलाही समजतो, पण ते उदाहरण इथे बसत नाही. तिथे निकाल आधीच जाहीर झाला होता, मतदार म्हणजे सभागृहातले जेमतेम छत्तीस जण, आणि अधिकारी मतपत्रिकांवर स्वतःच खुणा करतोय हे चित्रफितीत दिसत होतं. सर्वोच्च न्यायालयाने त्यासाठी कलम १४२ चा स्वतःचा खास अधिकार वापरला. तो हायकोर्टाला नाही.

खरी कसोटी बघायची तर १९७७ चं फिरोजपूर घ्या. लोकसभेची मोजणी शेवटाला आली असताना दंगा झाला, मतपत्रिका नष्ट झाल्या, निकाल अडला आणि आयोगाने अख्ख्या मतदारसंघात फेरमतदान लावलं. मोजणीत पुढे असलेले मोहिंदरसिंग गिल कोर्टात गेले. हातातोंडाशी आलेला विजय आयोगाने रद्द केला, तरी सर्वोच्च न्यायालय म्हणालं, फेरमतदान होऊ द्या, तक्रार नंतर याचिकेत.

---

निवृत्त_गुरुजी | मंगळवार, दुपारी १२.३०

बत्तीस वर्षं नोकरी केली. त्यात निवडणुकीच्या ड्युट्या किती झाल्या याची गणती नाही. चार-पाच वेळा मोजणीच्या टेबलावर होतो. कायदा ताई सांगतीलच. मी टेबलावरचं सांगतो, कारण निकालाआधीची खरी संधी तिथेच असते.

सगळ्यांची बेरीज झाली की निवडणूक निर्णय अधिकारी आकडे वाचून दाखवतात. आकडे वाचणं म्हणजे निकाल जाहीर करणं नव्हे. दोन्हींच्या मध्ये थोडी उसंत असते. तेवढ्यात उमेदवार किंवा त्याचा प्रतिनिधी फेरमोजणीचा लेखी अर्ज देऊ शकतो, कारणासह. अधिकाऱ्याने तो मान्य करायचा किंवा फेटाळायचा, पण फेटाळला तर कारण लिहायचं. पत्रकावर सही होऊन निकाल जाहीर झाला की मग ब्रह्मदेव आला तरी तो अर्ज घेता येत नाही.

तुमच्या पुतण्याने नेमकी ती उसंत वहीच्या पानापायी घालवली. त्याला दोष देत नाही. पण अर्ज लिहितोय हे दिसत असताना अधिकाऱ्याने दोन मिनिटं थांबायला हवं होतं, हे मी टेबलावर बसलेला माणूस म्हणून सांगतो. घाई सगळ्यांनाच असते. बाहेर पंचवीस गावं ताटकळत असतात, पोलीस दमलेले असतात, अधिकारी पहाटेपासून उपाशी असतो. तरीही थांबायला हवं होतं.

---

रानवारा | मंगळवार, दुपारी १.१०

गुरुजी, डोळ्यांत पाणी आलं. पाच वर्षांत हे वाक्य आम्हाला कोणी म्हटलं नव्हतं. संध्याकाळी पुतण्याला वाचून दाखवतो.

---

पणजीकर | मंगळवार, दुपारी ४.००

कोर्ट निकालाआधी हात घालतच नाही असं सरसकट म्हणू नका. आमचं गोव्याचं २०२१ चं प्रकरण बघा. नगरपालिकांच्या निवडणुका होत्या. महिला आणि इतर राखीव प्रभागांची वाटणी चुकीची आहे म्हणून लोक हायकोर्टाच्या गोवा खंडपीठात गेले. १ मार्चला खंडपीठाने मडगाव, मुरगाव, म्हापसा, सांगे आणि केपे या पाच पालिकांचं आरक्षण रद्द केलं. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १२ मार्चला तिथेही हरलं. वर कोर्टाने हेही सुनावलं की सरकारचा कायदा सचिवच राज्य निवडणूक आयुक्त असणं चालणार नाही, आयुक्त स्वतंत्रच हवा.

म्हापशात आमच्या घरासमोर प्रचाराची गाडी आठवडाभर फिरत होती, ती एका दिवसात गप्प झाली.

---

वकीलताई | मंगळवार, सायंकाळी ६.३०

पणजीकर, फार चांगलं उदाहरण काढलंत, कारण मर्यादा कुठे संपते ते त्याच निकालात स्पष्ट लिहिलंय. अधिसूचनेपासून निकालापर्यंत कोर्टाने हात आवरायचा. पण आरक्षण, प्रभाग अशा पूर्वतयारीतल्या बेकायदा गोष्टींवर अधिसूचनेच्या आधी दाद मागता येते. आणि अधिसूचनेनंतरसुद्धा कोर्टाच्या आदेशाने निवडणूक अडत किंवा लांबत नसेल, उलट ती नीट पार पडायला मदत होत असेल, तर तेवढ्यापुरता हस्तक्षेप होऊ शकतो. हे सूत्र अशोक कुमार प्रकरणात २००० सालीच घालून दिलेलं आहे. मोजणीची जागा, चित्रीकरण, यंत्रांची सुरक्षितता असल्या मागण्या त्यात बसू शकतात. 'अमक्याला विजयी घोषित करू नका' ही मागणी बसत नाही.

---

माळरान | मंगळवार, रात्री ८.१५

आणि कोर्टाला जमत नाही ते आयोगाला जमतं! उमराणे आणि खोंडामळी आठवतंय का? रानवारांच्याच वेळची निवडणूक. नाशिक जिल्ह्यातल्या उमराण्यात आणि नंदुरबारच्या खोंडामळीत पदांचा लिलाव झाल्याचं चित्रफितींतून बाहेर आलं. उमराण्यात बोली दोन कोटींच्या वर गेलेली, देवळाच्या नावाने. राज्य निवडणूक आयोगाने मतदानाला दोन दिवस असताना दोन्ही गावांची निवडणूक रद्द केली. माझी आत्या त्याच पट्ट्यातली. पॅनेलवाल्यांपेक्षा बायाच जास्त खूश झाल्या, म्हणे.

तेव्हा मतदानात किंवा प्रचारात काळंबेरं दिसलं तर कोर्टाकडे नाही, आधी निरीक्षक आणि आयोगाकडे धावा. पुरावा घेऊन धावा.

---

शेवटचा_बाक | मंगळवार, रात्री ८.४०

मान्य. पण आयोगाकडे धावायला गावच्या माणसाला वाट माहीत हवी ना.

---

नदीकाठ | मंगळवार, रात्री १०.००

थोडं विषयांतर. बरोबरी झाली तर चिठ्ठी काढतात, ते मी डोळ्यांनी पाहिलंय आमच्या गावात. बरणीत दोन चिठ्ठ्या, शाळेतल्या तिसरीच्या मुलीने हात घातला. जिंकलेल्याने त्या मुलीला सायकल दिली आणि हरलेल्याची बायको तिच्या आईशी दोन वर्षं बोलली नाही. पोरीचा काय दोष!

मुंबईतही २०१७ ला प्रभाग २२० मध्ये दोघांना ५,९४६ अशी तंतोतंत सारखी मतं पडली होती. सुरेंद्र बागलकर आणि अतुल शहा. चिठ्ठीत शहा निघाले.

---

निवृत्त_गुरुजी | बुधवार, सकाळी ६.१०

बरोबरीची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. यंत्रावरच्या मोजणीत चूक व्हायची जागा यंत्रापेक्षा कागदावर जास्त. एका वॉर्डात अ, ब, क अशा दोन-तीन जागा असतात. यंत्रावर आकडे दिसतात, एक जण वाचतो, दुसरा लिहितो. एकदा आमच्या टेबलावर 'ब' जागेचे आकडे 'क' च्या रकान्यात गेले. साठीच्या एक बाई प्रतिनिधी होत्या, शाळा चौथीपर्यंतची. त्या प्रत्येक आकडा स्वतःच्या वहीत लिहीत होत्या. त्या उठून म्हणाल्या, "गुरुजी, आमच्या केंद्रावर एवढी मतं पडलीच न्हाईत." मतदानाच्या संध्याकाळी केंद्राध्यक्षाने दिलेला मतांचा हिशेब त्यांच्या पिशवीत घडी करून होता. ताडून पाहिलं, बाईंचं बरोबर निघालं. अर्ज नाही, भांडण नाही, जागच्या जागी दुरुस्ती.

---

उत्तरवारा | बुधवार, सकाळी १०.२५

गुरुजींनी सांगितलं अगदी तसंच हरियाणात झालं, फक्त दुरुस्तीला पावणेतीन वर्षं लागली. मी पानिपतला नोकरीला आहे, इथे हा विषय खूप गाजला. जिल्ह्यातल्या बुआना लाखू गावात २ नोव्हेंबर २०२२ ला सरपंचाची निवडणूक झाली. एका बूथच्या आकड्यांत अदलाबदल झाली आणि हरलेला विजयी ठरला. प्रकरण न्यायाधिकरण, हायकोर्ट करत सर्वोच्च न्यायालयात गेलं. तिथे थेट कोर्टाच्या आवारात यंत्रं आणवून, चित्रीकरण करत सगळ्या बूथची मतं पुन्हा मोजली. १,०५१ विरुद्ध १,०००. ऑगस्ट २०२५ मध्ये खरा सरपंच पदावर बसला. पाच वर्षांच्या मुदतीतलं अर्ध्याहून जास्त उलटून गेलं होतं.

याचिकेने न्याय मिळतो हे खरं. आणि कधी मिळतो, हेही खरं.

---

रानवारा | बुधवार, सकाळी ११.००

हेच माझं म्हणणं, उत्तरवारा! त्या गावाची गेलेली वर्षं कोण परत देणार?

वकीलताई, पोन्नुस्वामी समजले, सगळीकडे मध्येच कोर्ट आलं तर निवडणुकाच होणार नाहीत हेही पटलं. पण मग नंतरचा निकाल तरी सहा महिन्यांत लागायला नको का? आधीचं दार लावायचं तर नंतरचं तरी सताड उघडं हवं.

---

वकीलताई | बुधवार, दुपारी १.४५

यात मी पूर्णपणे तुमच्या बाजूने आहे. आधी येऊ नका असं कायदा सांगतो, तेव्हा नंतर लवकर ऐकण्याची जबाबदारी त्याच्यावर येते, आणि ती आज पाळली जात नाही. कलम १५ च्या न्यायाधीशांना अधिकार मोठे आहेत. ते स्वतः मतं मोजून खऱ्या विजेत्याला निवडून आल्याचं घोषित करू शकतात. पण त्याच न्यायाधीशांपुढे जमिनीचे, वाटणीचे शेकडो दावे असतात.

---

विदर्भवासी | बुधवार, दुपारी ३.३०

अर्ज छाननीचंही बोला कोणीतरी. नगरपालिकेत छाननीविरुद्ध जिल्हा न्यायालयात अपील करता येतं, म्हणजे तिथे निकालाआधीची एक पायरी कायद्यानेच दिली आहे. ती काय करू शकते ते डिसेंबर २०२५ मध्ये पाहिलं. २ तारखेला मतदान ठरलेलं. जिथे अपिलांचे निकाल उशिरा आले तिथलं मतदान आयोगाने २० डिसेंबरवर ढकललं. मग नागपूर खंडपीठाने सांगितलं, एकाचा निकाल दुसऱ्यावर परिणाम करायला नको, सगळीकडची मोजणी २१ लाच करा.

आमच्या गावी २ तारखेला मत देऊन झालेलं. तब्बल १९ दिवस यंत्रं बंद खोलीत आणि कार्यकर्ते बाहेर शेकोटी पेटवून आळीपाळीने राखण करताहेत. माझा धाकटा भाऊ थंडीने आजारी पडला. एका अपिलापायी किती ठिकाणचं गाडं अडतं ते तेव्हा कळलं. त्यामुळे रानवारा, कोर्टाने मध्ये यावंच असं मी तरी म्हणणार नाही.

---

घाटमाथा | बुधवार, दुपारी ३.५०

ग्रामपंचायतीलाही आहे का हे अपील?

---

वकीलताई | बुधवार, दुपारी ४.०५

नाही. ग्रामपंचायतीत छाननीवर अपिलाची पायरी नाही. अर्ज चुकीने बाद झाला तरी तो मुद्दा निकालानंतरच्या अर्जातच. म्हणून कागद छाननीच्या आदल्या दिवशी दोनदा तपासा. शहरातल्यांसाठी सांगते, महानगरपालिकेत मुदत १५ नाही, १० दिवसांची आहे. मुंबईत अर्ज लघुवाद न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीशांकडे जातो.

---

नदीकाठ | बुधवार, सायंकाळी ५.२०

वहिनींचं काय ठरलं पण? मूळ मुद्दा तो.

---

निवृत्त_गुरुजी | बुधवार, सायंकाळी ७.००

वहिनींसाठी माझ्याकडून. प्रतिनिधी दोन नेमता येत असतील तर दोन नेमा, नाहीतर एकच पण घट्ट बसणारा. चहाला उठणारा नको. मतदानाच्या संध्याकाळी प्रत्येक केंद्राचा हिशेबाचा कागद घेतल्याशिवाय केंद्र सोडायचं नाही. मोजणीला जाताना त्याच्या प्रती, दोन पेनं, कार्बन आणि फेरमोजणीचा अर्ज अर्धा लिहून तयार. वरचा मायना, वॉर्ड, जागा, नाव लिहिलेलं असू द्या, कारणाची जागा मात्र मोकळी. आधीच छापलेलं कारण कोणी मनावर घेत नाही. कारण नेमकं हवं: अमुक केंद्राचा हिशेब इतका, पत्रकात इतका. फक्त 'फरक कमी आहे' एवढ्यावर भागेलच असं नाही. अर्ज देताना मोठ्याने म्हणायचं, "लेखी अर्ज देतोय, निकाल जाहीर करू नका." आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायची. पुढे याचिका केलीच तर न्यायाधीश पहिलं तेच विचारतात, की त्याच वेळी मागणी केली होती का?

---

शेवटचा_बाक | बुधवार, रात्री ९.१०

गुरुजी, हे प्रत्येक गावच्या पारावर चिकटवायला हवं. चंडीगडवरून मी ताणलं होतं, ताईंचं पटलं. पण याचिकांना मुदत घालून द्यावी ही मागणी आपण सगळ्यांनी सोडू नये.

---

रानवारा | गुरुवार, रात्री १०.३०

काल रात्री पुतण्या, दादा, वहिनी असे सगळे बसून धागा वाचला. गुरुजींचं 'थांबायला हवं होतं' ऐकून पुतण्या उठून बाहेर गेला, बराच वेळ आला नाही. आल्यावर म्हणाला, या वेळी पण आत मीच बसणार.

दादा म्हणत होता दुसरा कोणीतरी जाणता माणूस बसवू. वहिनी म्हणाल्या, तोच बसेल. सकाळी त्यांनी जुनी ट्रंक उघडली, ते वहीचं पान काढलं आणि नव्या फायलीत सगळ्यात वर लावलं. त्याच्या खाली पुतण्याने नवा अर्ज लिहून ठेवलाय. मायना, वॉर्ड, जागा, नाव. कारणाची जागा मोकळी आहे. गुरुजी, मसुद्याचा फोटो उद्या टाकतो, एकदा नजर घालाल का?